नवाबाचा उजवा कान

बोकडाचा कान कापला तेव्हा नीलाबाई घरात नव्हती, सगळ्या भानगडीचं मूळ एवढंच. ती असती तर तिनं म्हाताऱ्या सासूच्या हातातला आडकित्ता काढून घेतला असता. निदान "थांबा आत्याबाई, करडू आधी पायावर उभं तर राहू द्या" एवढं तरी म्हणाली असती. पण ती होती लातूरला, दवाखान्यात, नवऱ्याच्या खाटेजवळ. अण्णाराव शेळ्यांसाठी सुबाभळीचा पाला पाडायला झाडावर चढला आणि फांदीसकट खाली आला. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, बसवू हाड, पण काठीशिवाय चालेल का ते आज सांगता येत नाही.

हा 'पण' फोनवरून जळकोटच्या अलीकडच्या त्यांच्या वाडीत पोचला आणि अण्णारावाची आई, कस्तुराबाई, तडक गोठ्यात गेली. त्याच दिवशी थोरली शेळी व्याली होती. काळंभोर करडू, अंगावरचं ओलंसुद्धा वाळलेलं नाही. म्हातारीनं ते मांडीवर घेतलं, डोंगरावरच्या दर्ग्याकडं तोंड केलं आणि म्हणाली, "पीरसाहेबा, माझ्या अण्णाला काठीबिगर चालव. हा बोकड तुझा. तुझ्या दारात कंदुरी करीन." कंदुरी म्हणजे दर्ग्यापाशी बोकड कापायचा, तिथंच शिजवायचा आणि येईल त्याला जेवू घालायचं. एवढं कबूल करून म्हातारीनं सुपारीच्या आडकित्त्यानं करडाच्या कानाचं टोक उडवलं. झाला नवस पक्का.

नीलाबाई परत आली, करडू बघितलं आणि विचारलं, "ह्याचा कान कुणी खाल्ला?"

"पीरानं," म्हातारी म्हणाली.

आता नीलाबाई म्हणजे कशी, तर तिला बसवत नाही. बस म्हटलं तर बसते, पण बूड टेकलं की डोळे गोठ्याकडं जातात, आणि डोळे गेले की मागनं ती जाते. तव्यावर भाकरी टाकून शेळ्यांना पाणी दाखवून येते. भाकरी करपते, अण्णाराव ती मुकाट्यानं खातो. पहिली शेळी तिनं अर्धलीनं आणली होती. दुसऱ्याची शेळी आपण सांभाळायची आणि होतील ती करडं अर्धी अर्धी वाटून घ्यायची. अशा अर्ध्या-अर्ध्यातनं तिनं गोठा भरला. पण भरायचा तसा रिकामाही व्हायचा. गावात चांगला बोकड टिकतच नव्हता. जरा बरा दिसला की त्याला हाळीच्या बाजाराची वाट दाखवायची, आणि मागं जो रोडका, कुणी घेतला नाही असा उरेल, त्याच्याकडनं गावच्या शेळ्या फळायच्या. करडं निपजायची मुठीएवढी. पावसाळा लागला की खोकायची आणि जायची.

हे गावात कुणाला खुपत नव्हतं. शेजारचा मलप्पा, ज्याच्या दावणीला देवणी गाई होत्या आणि त्यामुळं ज्याचा आवाज जरा वरच्या पट्टीतला होता, तो म्हणायचा, "वहिनी, गाय बांधायची असती. शेळी सोडायची असती. सकाळी सोडा, संध्याकाळी आली तर आपली म्हणा."

"आणि न्हाई आली तर?"

"तर लांडग्याची."

अण्णाराव तरी काय वेगळं बोलणार? "जितराब आपल्या नशिबानं वाढतं, नीला."

"नशिबाला पाला कोण आणून टाकतं?" ती विचारायची. पाला तोच आणायचा.

मग अहमदपूरला बचत गटाच्या बायांचं शेळीपालनाचं शिबिर झालं आणि नीलाबाई तिथून एक शब्द घेऊन आली. फारम. जुने पत्रे आले, तुराट्यांच्या भिंती झाल्या, गाभण शेळ्या एकीकडं, लेकुरवाळ्या एकीकडं, बोकड निराळा. अण्णारावानं सगळं बांधून दिलं आणि मग विचारलं, "फारम म्हणजे काय? गोठ्याला दार लावलं की फारम?"

"दार लावायचं, आणि दाराच्या आत कोण कुणाचं ते आपल्याला ठाऊक पाहिजे."

ह्या फारमात तो कानतुटका बोकड वाढला. चाल अशी की निजामाच्या वेळचा कुणी जहागीरदार माळावर हवा खायला निघालाय. नाव पडलं नवाब. आणि नवाबाची करडं काय सांगावीत! जन्मली की उठून उभी. पावसाळा आला आणि गेला, एक खोकलं नाही. शेळ्या जुळी देऊ लागल्या. ओढ्यापलीकडच्या गावातनं बाया आपल्या शेळ्या घेऊन यायला लागल्या. नीलाबाईला पहिल्यांदा वाटलं की आपण जे म्हणत होतो ते खरं होतं. तिनं आणखी दोन खण बांधायचं ठरवलं, चारा कापायचं यंत्र कुठं मिळतं ते विचारून आली, आणि ह्या सगळ्या उड्या एका बोकडाच्या पाठीवर होत्या, ज्याचा कान पीराला दिलेला होता.

तिला नवस खोटा वाटायचा असं नाही. तीच तर दवाखान्यात रोज देवांची नावं घेत होती. म्हणून तिनं नवस मोडला नाही, फक्त लांबवला. म्हातारीच्या तोंडचं बोलणं 'काठीबिगर चालव' असं होतं ना? मग काठी असेपर्यंत कंदुरीची मुदत भरत नाही. अण्णाराव काठी भिंतीला टेकवून दोन पावलं गेला की ही मागनं काठी घेऊन हजर. "अवो, धरा. हाड कच्चं हाय अजून." तो घ्यायचा. म्हातारी ओसरीवरनं बघायची, उसासा टाकायची आणि म्हणायची, "पीरसाहेबाला वेळ लागायलाय."

असं बरेच दिवस चाललं असतं. पण एका दुपारी गावची कुत्री तुराट्यांची भिंत फोडून करडांत शिरली. नीलाबाई ओढ्यावर होती. करडांचा गिल्ला ऐकून अण्णाराव खाटेवरनं उठला आणि धावला. चालला नव्हे, धावला. दगड उचलले, फेकले, कुंपणावरनं उडी मारली आणि कुत्री पार मलप्पाच्या बांधापर्यंत पिटाळून आला. काठी खाटेपाशी तशीच पडून.

म्हातारीला दिसायचं कमी, पण पळणारा लेक कुठल्या आईला दिसत नाही? नीलाबाई धुणं घेऊन आली तेव्हा कस्तुराबाई अंगणात उभी राहून रडत होती. "पळाला गं! माझा अण्णा पळाला! पावला पीरसाहेब! येत्या बेस्तरवारी कंदुरी!" बेस्तरवार म्हणजे गुरुवार, पीराचा वार.

नीलाबाई पण रडली. कशासाठी ते तिचं तिला कळलं नाही.

त्या दिवसापासून तिच्या पायाला थारा राहिला नाही. गोठा झाडलेला परत झाडायची. नवाबापुढं पाला टाकायची आणि तो खाताना बघवायचं नाही म्हणून दुसरीकडं बघायची. रात्रीचं जेवण झालं की विचारायची, "जेवलो का आपण?" म्हातारी मात्र मसाला कांडायला बसली होती आणि गुणगुणत होती.

अशात बुद्धप्रिया आली. ही ओढ्यापलीकडच्या गावची, पशुसखीचं काम करायची, म्हणजे शेळ्यांना जंताचं औषध, लस, हे सगळं घरोघर जाऊन द्यायची. तिच्या स्वतःच्याही शेळ्या होत्या. वयानं लेकीएवढी आणि तोंडानं नणंदेसारखी. तिनं शेळ्या बघितल्या, मग नवाबाच्या पाटी बघितल्या, म्हणजे त्याच्या तरण्या लेकी, आणि म्हणाली, "मावशी, ह्या आता माजावर यायल्यात. नवाबाला ह्यांच्यात ठेवू नका. बापाकडनं लेकी फळल्या की दोन वेतांत तुमचं फारम परत मुठीएवढं. रक्त बदलायला पाहिजे."

नीलाबाई मटकन बसली. म्हणजे ज्याच्यासाठी ती काठीमागं पळत होती, तो तसाही जाणारच होता! मग तिनं सगळं सांगितलं, नवस, कान, काठी, बेस्तरवार.

बुद्धप्रिया आधी हसली. "पाय मोडला तर आमच्यात दवाखान्यात जातात, मावशी."

"आम्हीबी दवाखान्यातच गेलतो की."

"मग बोकड डॉक्टरला द्या!"

"चेष्टा नको करूस बाई."

"बरं, न्हाई करत. माझा एक बोकड हाय, काळाच, तरणा, अर्धापूरकडनं आणलेल्या शेळीचा. तो तुम्ही ठेवा, नवाब मला द्या. माझं रक्त बदलंल, तुमचं बदलंल. आणि आमच्या घरी नवस चालत न्हाई. नवाबाला तिथं केसाचा धक्का लागायचा न्हाई."

किती सोपं! ओढा ओलांडला की नवाब वाचला. पण मग बेस्तरवारी पीराला काय? नीलाबाईच्या डोक्यात जे आलं ते तिनं बुद्धप्रियाला सांगितलं नाही. तिचा बोकड काळा, आपलाही काळा. म्हातारीला दिसतं अंधूक. पीराला बोकड मिळेल, म्हातारीला समाधान मिळेल, नवाब जगेल. बोकड पुन्हा कुठूनतरी आणू. पुढचं पुढं.

दुसऱ्या दिवशी नीलाबाई ओढ्यापलीकडनं तो तरणा बोकड घेऊन आली. अंधार पडला की ओढ्यापलीकडं पोचवू म्हणून नवाबाला कडब्याच्या गंजीमागं बांधलं. म्हातारीचा दुपारचा डोळा लागला तसा आडकित्ता उचलला, गोठ्यात गेली आणि बोकडाला दोन गुडघ्यांत धरलं. तोंडासमोर तोंड. नवाबाचा कान कापलेला कुठला? उजवा. तिनं आपला उजवा हात पुढं केला, समोर येईल तो कान धरला आणि टोक उडवलं. बोकडानं नडगीवर अशी लाथ दिली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. तिनं घाईघाईनं कानाला हळद दाबली, त्याला नवाबाच्या खुंट्याला बांधलं आणि पदरानं घाम पुसत चुलीपाशी जाऊन बसली, जसं काही सकाळपासून तिथंच होती.

संध्याकाळी कस्तुराबाई शिळी भाकरी घेऊन गोठ्यात गेली. नवाबाला तिच्या हातचा तुकडा रोज असायचा. बोकडानं भाकरी हुंगली आणि तोंड फिरवलं. म्हातारीनं त्याच्या पाठीवरनं हात फिरवला, मान चाचपली, मग कान धरला. मग दुसरा धरला. मग पहिला परत.

"नीला!"

"काय आत्याबाई?"

"हे जितराब कुणाचं?"

"नवाब की."

"नवाबाचा उजवा कान मी कापला. ह्याचा डावा कापलाय, आणि ताजा कापलाय." म्हातारीनं बोट वर करून दाखवलं, बोटाला हळद होती. "उजवा कान पीराचा. डावा कान लक्ष्मीआईचा. माझ्या सासूपासनं चालत आलंय. हा बोकड कुणी देवीला बोलला?"

नीलाबाईच्या ध्यानात आलं. तोंडासमोर तोंड धरलं की आपला उजवा हात त्याच्या डाव्या कानावर पडतो. रोज आरशासमोर कुंकू लावणारी बाई, पण हे कधी डोक्यात आलं नाही.

"आत्याबाई, मी..."

"तू." म्हातारी खुंट्यापाशीच खाली बसली. चिडली असती तर बरं झालं असतं. पण तिचे खांदे हलायला लागले. नीलाबाईला वाटलं रडतीय. ती हसत होती. "एक बोकड वाचवायला गेलीस आणि दोन देऊन बसलीस की गं बाई!"

मग हसू थांबलं. "मला आंधळी समजलीस का?" तिनं एवढंच विचारलं, आणि ते मात्र लागायचं तिथं लागलं.

नीलाबाईनं मग काहीही राखलं नाही. भडाभडा बोलली. रोडक्या बोकडांचं, मेलेल्या करडांचं, एकेक करडू पदरात बांधून ती कशी ऊब द्यायची त्याचं, आणि हा एक बोकड आला आणि सगळं कसं फिरलं त्याचं. "मला तुमचा लेक नको होता का चालता? माझा नवरा हाय तो. पण मला नवाबबी पाहिजे होता. दोन्ही पाहिजे होतं. त्यात काय चुकलं माझं?"

अण्णाराव दारात कधी येऊन उभा राहिला ते दोघींनाही कळलं नव्हतं. हातात काठी होती.

"माय," तो म्हणाला, "पाय माझा हाय. नवस माझ्या पायाचा. मी काठी धरतो म्हणलं तर पीर काय करंल?"

"तू पळालास. मी बघितलं."

"त्या दिवशी पळालो. आता धरतो. जलमभर धरतो." तो नीलाबाईकडं बघत होता. "तसंही मला साल झालं काठी लागत न्हाई. हिला पाहिजे म्हणून धरून राहिलो."

नीलाबाईनं मान वर केली. साल झालं! म्हणजे ती काठी घेऊन मागं पळायची तेव्हा ह्याला सगळं ठाऊक होतं. बाजारात जाताना, पाहुण्यांच्या लग्नात, चार माणसांत, हा धडधाकट माणूस लंगडत गेला. मलप्पानं त्याला "काय लंगडशेठ" म्हटलं तेव्हाही हसला. कशासाठी, तर बोकडासाठी. आणि आता म्हणतो जलमभर.

ती उठली, त्याच्या हातातली काठी घेतली, गुडघ्यावर ठेवून मोडायला गेली. मोडली नाही, बाभळीची होती. मग तिनं ती शेजारच्या उकिरड्यावर भिरकावून दिली.

"बेस्तरवारी नवाबाला न्यायचं," ती म्हणाली. "मी नेणार. दुसऱ्या कुणी दावं धरायचं न्हाई."

आणि तिनंच नेलं. सगळे टेंपोत बसले, ती नवाबाला घेऊन पायी निघाली, आणि अण्णाराव तिच्यासोबत चालत डोंगर चढला, रिकाम्या हातानं. वाटेत नवाब थांबेल तिथं ती थांबली. बोरीचा पाला, बाभळीच्या शेंगा, जे मागेल ते खाऊ घातलं. वर दर्ग्याची देखरेख करणाऱ्या मुजावरचाचांनी मोरपिसांचा कुंचा अण्णारावाच्या पायावरनं फिरवला आणि नवाबाचा उजवा कान बघून मान डोलवली. पुढचं नीलाबाईनं बघितलं नाही. ती चुलीला लाकडं आणायला लांब गेली होती, एवढी लाकडं की दोन कंदुऱ्या झाल्या असत्या. पंगतीत तिनं सगळ्यांना वाढलं. "तू बस की," कुणी म्हणालं तर म्हणाली, "मघाशीच खाल्लं." मलप्पा लिंगायत, मटण खायचा नाही; पण तोही वर आला होता, गूळशेंगा खात एका दगडावर बसला होता. तो हळूच म्हणाला, "वहिनी, बोकड तालेवार होता हो." त्याच्या तोंडून शेळीच्या जातीला आलेला तो पहिला चांगला शब्द.

राहिला तो डाव्या कानाचा. बुद्धप्रिया तिसऱ्या दिवशी आली ती कमरेवर हात ठेवूनच.

"माझा बोकड बौद्ध होता, मावशी. मला न विचारता देवीच्या नावावर केलात!"

"चुकलं गं बाई. तू म्हणशील ते देते."

बुद्धप्रियानं करडांच्या खणात फेरी मारली. नवाबाचंच एक करडू, बोकड, उभं राहून बारकी शिंगं घासत होतं. तिनं त्याचे दोन्ही कान नीट उलटून-पालटून बघितले, शाबूत होते. "हे द्या. आत्याबाई उठायच्या आत द्या." आणि त्याला कडेवर मारून ती ओढ्याच्या वाटेला लागली.

डाव्या कानाच्या बोकडाला मात्र आता कुणी हात लावू शकत नव्हतं. विकता येत नाही, देता येत नाही, देवीचा. लक्ष्मीआईची जत्रा आषाढात, तोवर तो गोठ्यात राहणार. नवाबाच्या लेकी एकामागोमाग माजावर आल्या, आणि निराळ्या रक्ताचा, तरणा, कुणाच्या नात्यातला नसलेला असा हा एकच बोकड समोर. नीलाबाईनं खण उघडला. दुसरं करणार काय होती? महिन्या-दीड महिन्यात पाटींची पोटं भरल्यासारखी दिसू लागली, आणि तसा तिच्या जिवाला परत घोर लागला. हा पण लाभला, तर? आषाढ येणारच की.

शेवटी एका सकाळी तिनं सासूला विचारलंच. "आत्याबाई, आषाढात ह्याचं काय?"

कस्तुराबाई उन्हाला पाय पसरून बसली होती. "कान कापताना तोंडानं काय बोललीस?"

"काही न्हाई बोलले. घाईत होते."

"देवीचं नाव घेतलंस?"

"न्हाई."

"हे दे, ते देते, असं काही?"

"छे! मी तर पीराचा म्हणून कापायलते."

"मग कसला आलाय नवस? न बोलता कान कापला तर तो नुसता कान कापला. देवीला कळायचं कसं? राहू दे त्याला. फिरू दे." म्हातारीनं डोळे मिटले. गोष्ट तिच्यापुरती संपली होती.

नीलाबाईच्या छातीवरचं ओझं असं उतरलं की पाल्याचा भारा तिनं एका हातानं उचलून डोक्यावर घेतला. गोठ्याच्या दारापर्यंत गेली आणि थबकली. नडगीवरचा निळा डाग गेला होता, पण लाथ आठवली. लाथ बसली तेव्हा ती ओरडली होती. कान हातात, आडकित्ता मिटलेला, आणि तोंडातनं निघालं होतं, "आई गं!"

आई. लक्ष्मीआई.

आपली आई म्हणून ओरडलो की... पण वर ऐकणाऱ्याला कसं कळावं कुठल्या आईला हाक मारली ते? तिनं वळून सासूकडं बघितलं. विचारावं का? विचारलं आणि म्हातारी ताठ उठून बसली तर? बोकड गव्हाणीवर दोन पाय देऊन तिच्या डोक्यावरचा पाला ओढत होता, डावा कान हलवत.

तिनं भारा टाकला, खराटा घेतला आणि झाडलेला गोठा परत झाडायला लागली.